पहिला नंबर आलेलं गाव

नांदेड-लातूरकडे जाऊन आले असं सांगितलं की आमच्या नाशिकातली माणसं ठरलेलं विचारतात. नांदेडला गेलीस, मग गुरुद्वारा पाहिलास का? लातूरला गेलीस, मग कोणाच्या पोराला क्लास लावलाय? मी गुरुद्वाराही पाहिला नाही आणि क्लासला पाठवण्याजोगं माझं कोणी उरलेलं नाही. मी गेले होते लोकांचा सहभाग मिळवायला. म्हणजे मी नव्हे, साहेब गेले होते. मी नुसती भाषांतरकार. साहेबांनी इंग्रजीत विचारायचं, मी ते मराठीत विचारायचं, आणि लोकांनी मराठीत दिलेल्या शिव्या इंग्रजीत 'सूचना' म्हणून लिहायच्या, असं एकूण कामाचं स्वरूप होतं.

साहेब म्हणजे शंतनू. वयानं माझ्या भाच्याएवढा, परदेशात शिकून आलेला, स्वभावानं इतका गोड की रागवायची सोय नाही. मुंबईतल्या एका सल्लागार कंपनीनं मराठवाड्याच्या या दोन जिल्ह्यांसाठी आराखडा करायचं काम घेतलं होतं. पाऊस कधी येतच नाही, आणि येतो तेव्हा ढगफुटी होऊनच येतो, तर अशा हवामानाला गावांनी तोंड कसं द्यायचं, याचा आराखडा. आणि तो वरून लादायचा नाही, लोकांना विचारून करायचा. गावोगाव बैठका घ्यायच्या, गावाला गुण द्यायचे आणि त्या गुणांवरून कामं कुठं करायची ते ठरवायचं. गुण कसे द्यायचे ते शंतनूच्या लॅपटॉपला ठाऊक. मला सांगितलेलं एवढंच की 'गुणांवरून कामं ठरतील', आणि तेवढंच मी इमानेइतबारे प्रत्येक गावात मराठीतून सांगत होते.

नांदेड आणि भोकरची वाट

नांदेडला आमच्या गाडीवर गौसभाई आले. गाडी त्यांची, रस्ते त्यांचे आणि कुठं जेवायचं हा निर्णयही त्यांचाच. पहिल्या सकाळी मी पोहे कुठं मिळतील असं विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं. "पोहे नक्को मॅडम, खिचडी खाव," म्हणाले. नाशिकला खिचडी ही तापातून उठलेल्या माणसाची. इथं सकाळी सकाळी माणसं रांगेत उभी राहून गरम खिचडी आणि वर चिंचेचा खट्टा ओरपत होती. मीही ओरपला. शंतनूनं खट्ट्याचा फोटो काढला आणि हा इथला पारंपरिक हवामान-अनुकूल आहार आहे का, असं गौसभाईंना विचारलं. मी भाषांतर केलं नाही. जिभेला पाणी सुटलेलं असताना माणसाला असले प्रश्न विचारू नयेत.

भोकरच्या पुढं एका गावात पहिली बैठक. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या लोकांना आमच्यामुळे आधीच पुष्कळ त्रास झालाय. समाजमंदिरात सतरंजी, कंपनीचा फलक, आणि मधोमध रंगीत रांगोळीच्या पुड्या. शंतनूचा लाडका खेळ असा की गावकऱ्यांनी जमिनीवर रांगोळीनं स्वतःच्या गावाचा नकाशा काढायचा. कुठं विहीर, कुठं नाला, कुठं पाणी तुंबतं, ते निरनिराळ्या रंगांनी दाखवायचं. त्यातून म्हणे गाव आपल्याशी बोलू लागतं.

गाव बोलू लागलं खरं. केशवराव नावाचे एक दणकट गृहस्थ भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी पुडी उचलली, वास घेतला आणि खाली ठेवली.

"कामून काढायचं आमी?" त्यांनी विचारलं. "आमचं गाव आमाला ठाऊक हाय. तुमाला ठाऊक न्हाई, तर चला, हिंडून बगा. हितं बसून रांगोळी कामून सांडून राहिले?"

शंतनूनं मान डोलावून पुढचा प्रश्न दिला. मी वाचला, "वातावरणातील बदलांमुळे आपल्या उपजीविकेवर झालेले परिणाम प्राधान्यक्रमाने सांगा."

"ही बाई कोणाची बोली बोलून राहिली?" मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळी सभा हसली. मीही हसले, कारण वाक्य माझंच होतं आणि खरंच मेलं कोणाच्या बोलीत नव्हतं.

मग मात्र जे सुटले, ते सुटले. नाला पात्र सोडून रानात शिरतो, उभं सोयाबीन घेऊन जातो, मागच्या खेपेला असेच लोक आले होते, त्यांनी टोप्या वाटल्या, टोप्या पेरायच्या का खायच्या? केशवराव उठून हात नाचवत बोलत होते. शंतनू लिहीत होता. एवढ्यात बाहेरून कोणीतरी ओरडलं, "लाइट आली रे!" आणि सांगते काय, समाजमंदिर रिकामं! शेताला वीज द्यायच्या पाळ्या असतात. वीज आली की मोटर चालू करायला धावायचं, सभेत यमराज बोलत असला तरी थांबायचं नाही. केशवरावांनी दारातून वळून तेवढ्यात सुनावलं, "नाल्याचं बगा, न्हाईतर पुन्यांदा येऊ नका."

आम्ही दोघं रांगोळीच्या पुड्यांभोवती बसून राहिलो. शंतनूनं लॅपटॉप उघडला आणि सहभागाच्या रकान्यात 'अत्यल्प', जाणिवेच्या रकान्यात 'अत्यल्प', सज्जतेच्या रकान्यात 'अत्यल्प' असं टाकत गेला. त्याचा चेहरा इतका उतरला होता की मला त्याची दया आली. गौसभाईंनी पुड्या गोळा करून डिकीत टाकल्या.

उदगीरवरून लातूर

लातूरला जायला सरळ रस्ता होता, पण गौसभाईंच्या बहिणीचं घर उदगीरला, म्हणून आम्हीही उदगीर पाहिलं. आमची ना नव्हती. बाजारात धान्याच्या राशी आणि बोलण्यात अर्धी कानडी. एका आडत्याच्या दुकानासमोर मी हरभऱ्याचा भाव विचारला, तर त्यानं मराठीत सुरुवात केली, मध्ये कानडीत हिशेब केला आणि शेवटी उर्दूत माझी कीव केली. आम्हा नाशिककरांना एकच भाषा येते आणि तिचाही केवढा तोरा! बहिणीच्या घरी ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि लसणाची चटणी खाऊन निघालो. आग्रह एवढा की शंतनूला नको म्हणायला मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषा कमी पडल्या.

लातूरला पोचलो आणि चौकाचौकात पोरंपोरी आमच्याकडे बघून हसायला लागली. खरी नव्हेत, फलकांवरची. आमच्याकडे चौकात पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे फलक असतात, इथं पोरांच्या मार्कांचे. नाव, फोटो, खाली गुण, बाजूला क्लासच्या सरांचा मिशीवाला फोटो. भूकंपानं हा जिल्हा हादरवला तेव्हाची पिढी घरं बांधत होती, तिची लेकरं आता डॉक्टर बनवतात. गल्लीगल्लीत खानावळी, वसतिगृहं, अभ्यासिका, आणि झेरॉक्सच्या दुकानांत वह्यांचे गठ्ठे. लॉजच्या मालकानं शंतनूला वरून खाली न्याहाळून विचारलं, "रिपीटर का?" म्हणजे डॉक्टरकीच्या परीक्षेला पुन्हा बसणारा. शंतनूनं आपण पीएचडी असल्याचं सांगितलं. "असू द्या, असू द्या, होतंय, जिद्द सोडायची न्हाई," असं म्हणत मालकानं त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि आमच्या हातात एकेक बादली दिली. नळाला पाणी कधी येईल ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

येळवस

दुसऱ्या दिवशी औश्याच्या पुढच्या गावी बैठक. भूकंपात जुनं गाव जमीनदोस्त झालं, म्हणून माळावर नव्यानं वसवलेलं. आम्ही पोचलो तर गावात माणूस नाही. रुंद, सरळसोट रस्ते, एकासारखी एक घरं, प्रत्येक दाराला कुलूप. शंतनू फलक बगलेत धरून उभा.

"गाव कुठं गेलं?" त्यानं विचारलं.

"रानात," गौसभाई म्हणाले. "आज येळवस हाय ना साब. जिल्ह्याला सुट्टी हाय."

"मग काल नाही का सांगायचं?" मी ओरडले.

"मला वाटलं तुमाला ठाऊक हाय, त्याच्यासाठीच चाललाव. जेवायला."

घ्या! लोकांना विचारल्याशिवाय पान हलवायचं नाही म्हणणाऱ्या कंपनीनं बैठकीची तारीख मात्र मुंबईत बसून काढली होती. मार्गशीर्षातली ही अमावास्या म्हणजे इकडे दिवाळीहून मोठी. सगळं गाव शेतात जातं. कडब्याची खोप उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेल्या पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे, आणि रस्त्यानं जाईल त्याला धरून आणून जेवू घालायचं. ओळखपाळख लागत नाही. आमची गाडी दिसताच पहिल्या रानातून माणूस धावत आला, दुसऱ्या रानातून दुसरा आला, आणि आमच्यावरून त्यांचं भांडण जुंपलं. बैठक तिथल्या तिथं दुसऱ्या दिवसावर गेली.

भज्जी म्हणजे काय ते मी आता लिहून सांगणार नाही, खायला जा. हरभऱ्याचे घाटे, तुरीचे दाणे, वाटाणा, शेंगा, मेथी, चुका, रानात असेल नसेल ते सगळं डाळीच्या पिठात शिजवलेलं. बरोबर बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली आंबील. ही आंबील ताकातली, ज्वारीच्या पिठाची, किंचित आंबलेली, थंडगार. शंतनूनं पहिला गडवा घेतला, दुसरा घेतला आणि तिसऱ्या रानात खोपीच्या सावलीत आडवा झाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याभोवती सबंध गाव आपणहून गोळा झालं होतं, आणि हा घोरत होता.

तिथंच मला शेवंताबाई भेटल्या. साठीच्या आसपास, कपाळावर मोठं कुंकू, आवाज असा की दोन शेतं पलीकडच्या सुनेला इथून कामं सांगत होत्या. त्यांनी माझ्या पानात आणखी एक उंडा आदळला आणि विचारलं, "तुमी त्या गुणाच्या बैठकीच्या का?"

हो म्हटलं.

"मंग नाली हुतीय का न्हाई?"

कसली नाली, मी विचारलं. आणि त्यांनी सांगितलं. भूकंपानंतर नवं गाव आखायला साहेब लोक आले. त्यांनी कागदावर पट्टीनं रेघा मारल्या, माळाच्या वरून खाली सरळ. माळावर पहिल्यापासून एक ओघळ होता, पावसाचं पाणी त्यातून ओढ्याला जायचं. साहेबांनी तो बुजवला आणि त्यावर घरांची शेवटची ओळ बसवली. शेवंताबाईंचं घर त्या ओळीत. आता पाऊस जोराचा आला की वरचं सगळं पाणी सरळ रस्त्यानं धावत येतं आणि थेट त्यांच्या दारात शिरतं.

"तेव्हा तुम्हाला विचारलं नव्हतं का कोणी?" मी म्हटलं.

"इचारलं की! समद्या बायांना बोलावून बसिवलं. दाराला कोंचा रंग पायजे म्हणून इचारलं. मी निळा सांगितला." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आमचे मालक बाजंवर हायेत. अंगावरनं वारं गेलंय, उठता येत न्हाई. मागल्या बरसातीत पानी बाजंला लागलं. मी आन् सुनंनं बाज टेबलावर चढिवली. म्हाताऱ्याला वाटलं, चाललो आता ओढ्यात. बायको, सोड मला, म्हनत हुता. सोडू का?" एवढा मोठा आवाज, पण इथं तो खाली आला. मग पुन्हा चढला. "वरल्या अंगानं एक नाली खांदून ओढ्याला लावली की मिटलं. पुढल्या बरसातीच्या आत पायजे, बाई. म्हाताऱ्याला पुन्यांदा टेबलावर चढवायचं बळ न्हाई माझ्यात."

हे सगळं उद्या बैठकीत असंच्या असं बोला, मी शब्दन् शब्द लिहून घेते, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघून चक्क डोळा मारला. "उद्याची फिकीर करू नका. तयारी झालीया."

कसली तयारी ते मला कळलं नाही. तेवढ्यात चष्मा लावलेला एक तरतरीत माणूस आला आणि बायकांना दटावून गेला, "आंबील बेतानं घ्या, उद्या पेपर आहे." मला वाटलं, कोणाच्या लेकराचा असेल.

पेपर

पेपर गावाचाच होता! तो चष्मेवाला म्हणजे बिराजदार सर, गावचे जावई, लातूरच्या एका नावाजलेल्या क्लासात जीवशास्त्र शिकवणारे. बैठकीत गुण मिळणार हे सरपंचांच्या कानावर आल्याबरोबर त्यांनी जावयाला बोलावणं धाडलं होतं. गुण म्हटलं की या जिल्ह्यातला माणूस पुढचं काही ऐकत नाही, आधी शिकवणी लावतो. सरांनी शेजारच्या तालुक्यात आमच्याच कंपनीच्या दुसऱ्या गटानं आधी घेतलेल्या बैठकीतले प्रश्न मिळवले, त्यांची आदर्श उत्तरं काढली आणि अख्ख्या गावाचे दोन आठवडे वर्ग घेतले. सराव परीक्षाही घेतली. कच्च्या लोकांची वेगळी तुकडी होती.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या सभागृहात आम्ही शिरलो तर गाव रांगेत मांडी घालून बसलेलं. बायका एका रंगाच्या साड्यांत. शंतनूनं रांगोळीच्या पुड्या ठेवायचा अवकाश, चार बायका उठल्या आणि बघता बघता नकाशा तयार! मंदिर, शाळा, झाडं, पाण्याची टाकी, कडेनं वेलबुट्टी. ओघळाची जागा मी शोधली. तिथं कमळ काढलं होतं.

शंतनूचा चेहरा असा फुलला होता की विचारू नका. त्यानं प्रश्न दिला, मी वाचला, "अतिवृष्टीच्या काळात गावाची सज्जता कशी असते?"

एक आजोबा उठले. "आमच्या गावात नियोजन, समन्वय आणि लोकसहभाग या त्रिसूत्रीवर सज्जता उभी आहे," असं एका दमात म्हणाले आणि खाली बसले. सरांनी मागून हळूच अंगठा उंचावला.

पुढचा प्रश्न, पुढचं उत्तर. धडाधड. एक बाई मध्येच अडखळली तर शेजारणीनं कोपरानं ढोसलं, आणि ती 'शाश्वत' या शब्दापासून पुन्हा सुरू झाली. मी सगळं इंग्रजीत उलथत होते आणि मनात म्हणत होते, थांबा, शेवंताबाई उठू द्या, मग बघू तुमची त्रिसूत्री. आणि मी विचारलं, "आपल्या वस्तीत पुराचं पाणी शिरतं का?"

शेवंताबाई उठल्या. पदर सारखा केला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आमचं गाव पुरापासून सुरक्षित आहे. पाण्याचा निचरा नैसर्गिक उताराने होतो."

मी भाषांतरच केलं नाही. "अहो शेवंताबाई, नालीचं सांगा ना! काल मला सांगितलंत ते सांगा!"

"गप बसा, बाई," त्या दातांतून म्हणाल्या. "नंबर जाईल."

"अहो पण पाणी शिरतं ना?"

"शिरतंय म्हनूनच तर! पैला नंबर आला की नाली हुतीय. तुमीच म्हनला न्हवं, गुणावरनं कामं हायेत? उणं बोललं की मार्क कापत्यात, सरांनी सांगितलंय." आणि त्या शंतनूकडे वळून गोड हसल्या.

बैठक संपल्यावर मी शंतनूला बाजूला घेतलं आणि ओघळाची, बाजेची, टेबलाची सगळी हकिगत सांगितली. तो लक्ष देऊन ऐकतो, ही त्याची खोड मला तोवर आवडायची. "वीणाताई, ते तुम्हाला शेतात बोलल्या," तो म्हणाला. "प्रक्रियेत त्या वेगळं बोलल्या. कम्युनिटीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं मी कसं बदलू? ते वरून लादणं होईल." मी त्याला वाट्टेल ते बोलले. तो त्याचीही नोंद घेतो म्हणाला.

निकाल

आमच्या परतीच्या दिवशी लातूरच्या एका सभागृहात निकाल होता. हारतुरे, पाहुणे, माईकची खरखर. बिराजदार सर इस्त्रीच्या शर्टात आलेले. गावच्या बायका त्याच साड्या नेसून गाडी करून आलेल्या, शेवंताबाई पहिल्या रांगेत. भोकरकडून एकटे केशवराव आले होते, तेही दवाखान्याच्या कामानं लातुरात होते म्हणून.

दोन्ही जिल्ह्यांतून पहिला नंबर औश्याकडच्या गावाचा! बायकांनी टाळ्यांचा नुसता कडकडाट केला. शेवंताबाईंना स्टेजवर बोलावून शाल, श्रीफळ आणि एक भलीमोठी लोखंडी पाटी दिली. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं, 'हवामान-सक्षम गाव'. भाषांतर माझंच. मग पाहुण्यांनी इंग्रजीत भाषण केलं आणि मी माईकवर ते मराठीत सांगू लागले. "ज्या गावांना सर्वाधिक गुण मिळाले, ती गावं स्वतःच्या पायावर उभी आहेत. त्यांचा आम्हाला अभिमान वाटतो. कामं अर्थातच सर्वांत कमी गुण मिळालेल्या, असुरक्षित गावांत होतील." आणि पहिलं नाव वाचलं ते भोकरकडच्या गावाचं. नाला खोलीकरण मंजूर.

केशवराव आ वासून बसले होते. ज्यांनी आम्हाला झाडलं, रांगोळीला हात लावला नाही, भर सभेतून उठून मोटरी चालू करायला पळाले, त्यांना नाला मिळाला. त्यांचं वाईट व्हावं असं माझं मुळीच म्हणणं नाही. त्यांचं सोयाबीन वाहून जात होतंच की.

शेवंताबाई पाटी छातीशी धरून माझ्याकडे आल्या. "बाई, नाली कधी?"

"नाली नाही, शेवंताबाई. तुमचा पहिला नंबर आला, म्हणून नाली नाही."

त्यांना दोनदा सांगावं लागलं. मग त्या सरांकडे वळल्या. "सर, फेरतपासणी असती न्हवं? तुमच्या त्या परीक्षेत पोरं पैशे भरून करून घेत्यात तशी?"

"असते," सर पुटपुटले. त्यांचा चेहरा पडला होता. "पण ती मार्क वाढवायला."

"मंग आमचे कमी करा म्हनावं. आमी खोटं बोललो. पानी शिरतंय. बाजंला लागतंय." त्या शंतनूसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, मी खोटं बोलले. ल्हिवा."

या शहरात मार्क कमी करून मागणारं माणूस त्याआधी कोणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. शंतनूचे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. पण निकाल वर गेला होता आणि पुढची फेरी तीन वर्षांनी होती. "पुढच्या वेळी नक्की," तो म्हणाला.

"पुढल्या खेपेला आमी पैल्यापासनं शिव्याच देतो मंग," शेवंताबाई म्हणाल्या. "सर, त्याची शिकवणी घ्या."

सरांनी मान खाली घातली. केशवराव मागं उभे होते. त्यांनी पुढं होऊन ती जड पाटी बाईंच्या हातातून घेतली आणि गाडीपर्यंत नेऊन ठेवली.

नाशिकला आल्यावर

नाशिकला आल्यावर मी वर्तमानपत्रांना लिहिलं, जिल्ह्याच्या कचेरीत अर्ज पाठवला, शंतनूच्या वरच्या साहेबांना भांडून फोन केले. प्रत्येकानं मला अदबीनं सांगितलं की सक्षम गावाला प्राधान्य देता येत नाही. लातूरला पाऊस झाला की मी टीव्हीसमोर बसायचे, आणि टीव्हीवर दुसरंच काहीतरी चाललेलं असायचं.

ऐन बरसातीत एका सकाळी फोन आला. आवाजावरूनच ओळखलं, फोन कानापासून लांब धरावा लागला.

"बाई, शेवंता बोलायली. लई पाऊस झाला हिकडं."

"मालक कसे आहेत?" माझ्या तोंडून आधी तेच आलं.

"हायेत, हायेत. बाजंवर हायेत, च्या पिऊलालेत. ऐका तर. ती पाटी दिली हुती न्हवं तुमी, ती गावच्या शिवंवर लावली हुती. पैल्याच वावटळीत पडली. मी उचलून घरी आनली. परवा पानी यायला लागलं तवा दाराला आडवी लावली आन् कडंनं शेणमाती थापली. समदं न्हाई अडलं, पर बाजंला न्हाई लागलं. लई दणकट हाय बगा पाटी."

मला हसू आलं आणि रडूही आलं.

"तर मी काय म्हनते," त्या पुढं म्हणाल्या, "आमच्या वळीतल्या बाकीच्यायला बी पायजेत. शेजारी लेकुरवाळी हाय, तिच्या घरात गुडघ्याएवढं आलतं. तुमच्या सायबाकडं अजून पाट्या हायेत का, इचारता का?"

मी लगेच शंतनूला फोन लावला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. गावाकडून आपणहून मागणी येते आहे, ही फार आनंदाची गोष्ट आहे, असं म्हणाला. पण नियमाप्रमाणे एका गावाला पाटी एकच मिळते.